उघाडीपाशी पुरलेला बगळा

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांची शी, शू, थुंकी, पू... हे माझं रोजचं. नाश्ता करता करता मी स्टूल रिपोर्टबद्दल बोलू शकते आणि आमच्या घरी त्यावरून भांडणंही झालेली आहेत. त्यामुळे माझ्याबद्दल दोन गोष्टी कुणी सहसा म्हणणार नाही – ही भित्री आहे, आणि हिला किळस येते. भुताखेतांचे विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मनात येतं, यांनी एकदा थायरॉइड तपासून घ्यायला हवं होतं.

तर हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लाजेपेक्षा शिसारी जास्त आहे, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय जाणार नाही असं वाटतं.

रत्नागिरीहून जयगडच्या बाजूला जाताना खाडीकाठी एक गाव आहे. नाव देत नाही, कारण त्यात गावाचा काही दोष नाही. खाडी आणि जमीन यांच्यामध्ये मातीचा जुना बांध आहे आणि बांधाच्या आत खाजण. पूर्वी तिथे भात व्हायचं. आता माणसं मुंबईला गेली, जमीन पडून राहिली आणि पावसाचं पाणी साचून तिची पाणथळ झाली. बांधाला एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते बाहेरच्या बाजूला उघडतं आणि आतलं पाणी खाडीत जातं. भरतीला आपोआप मिटतं, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही.

माझा नवरा अजित एका शाळेत क्लार्क आहे. मूळचा लांज्याकडचा, खाडीबिडीशी लहानपणी संबंध नाही, म्हणूनच की काय पाणी दिसलं की खुळावतो. त्याला पक्ष्यांचा नाद. नाद म्हणजे किती, तर लग्नाच्या वाढदिवसाला मला दुर्बीण आणणारा माणूस. पाटणकर सर म्हणून एक निवृत्त भूगोलाचे शिक्षक आहेत, त्यांच्या पुढाकाराने या लोकांनी एक छोटा ग्रुप केला आणि ते खाजण गावाच्या परवानगीने सांभाळायला घेतलं. जलपर्णी उपसली. पक्ष्यांना बसायला मध्ये मध्ये मातीचे उंचवटे केले. आणि मुख्य म्हणजे, दिवाळीनंतर सगळं पाणी ओहोटीबरोबर निघून जातं आणि थंडीत येणारी बदकं चिखल बघून पुढे जातात, म्हणून उघाडीला आतून जाड फळ्या बसवून पाणी अडवलं.

आणि बदकं आली हो. हळदी-कुंकू बदकं, अडया, शेकाटे, कायकाय. अजित रोज फोटो दाखवायचा आणि मी रोज भाजी निवडत "छान" म्हणायचे. जानेवारीच्या अखेरीस सरकारी खात्याकडून पाहणी व्हायची होती. त्यांना पाणी आणि पक्षी दिसले असते तर खाजण राखीव व्हायची शक्यता होती. नाहीतर कोळंबी प्रकल्पवाले टपून बसलेलेच होते. तीन वर्षं अजितने सुट्टी म्हणून घेतली नाही ती यासाठी.

दर रविवारी मीही जायचे. पक्ष्यांसाठी नाही. कचरा उचलायला. आपली माणसं किती घाण असतात हे मला लॅबमध्ये जेवढं कळलं नाही तेवढं त्या बांधावर कळलं. कोंबडीची आतडी, पिसं, पाय भरलेली पोती गाडीतून येऊन तिथे फेकून जातात. पोत्याला उन्हाने भोक पडतं आणि आतून ते वाहायला लागतं. बाळांचे डायपर. मासे साफ केलेलं पाणी भरून गाठ मारलेल्या पिशव्या, गाठ मारण्याएवढी अक्कल आहे पण कचरापेटी शोधण्याएवढी नाही. मी लॅबचे ग्लोव्हज घालून हे उचलायचे आणि उचलताना फेकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. अजित म्हणायचा, तू बोलतेस म्हणून पक्षी उडतात.

असाच एक रविवार. उघाडीच्या फळ्यांना टेकून एक राखी बगळा मेलेला सापडला. मोठा, कमरेएवढा उंच. पायाला हिरव्या नायलॉन जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला, त्यातच अडकून मेला असणार. दोनतीन दिवस झालेले होते. पोट फुगलेलं, पंखांखाली अळ्या. सरांनी कुणा जाणकाराला फोन केला. सध्या बर्ड फ्लूचे दिवस, उघड्यावर टाकू नका, खोल खड्डा करून चुना घालून पुरा, असं तिकडून सांगण्यात आलं. योग्यच सल्ला होता. मीही तोच दिला असता.

अजितने तो उचलला. हातात ग्लोव्हज होते, पण त्या पक्ष्याचे पाय आणि मान इतकी लांब की तो धरता येईना, शेवटी यानं त्याला लहान मूल घ्यावं तसं छातीशी घेतलं. शर्टावर सगळा ओघळ. उघाडीपासून जवळच त्यांनीच केलेला एक उंचवटा होता, तिथे खड्डा खणला, चुना ओतला, माती लोटली. मग हातांना सॅनिटायझर चोळलं आणि तिथेच बांधावर बसून डबा उघडला. मी म्हटलं, आधी आंघोळ कर, निदान तो शर्ट काढ. तर म्हणे फार भूक लागलीय.

डब्यात बांगड्याचं तिखलं होतं, भाकऱ्या आणि भात. तिखल्यात मी तिरफळं जरा जास्तच घालते. तिरफळ कुणी खात नाही, त्याचा नुसता स्वाद घ्यायचा आणि कवच ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. डबा घासताना माझ्या लक्षात आलं की त्यात एकही तिरफळ नाही. काटेही नाहीत.

तिथून सुरुवात झाली. अजितची भूक वाढली. आधी मला बरंच वाटलं, कुठल्या बायकोला वाटणार नाही. दोन भाकऱ्यांच्या चार झाल्या. मग पातेल्यातला भात संपायला लागला. मग मी लॅबमधून येईपर्यंत सकाळची पोळी, फ्रीजमधलं विरजण, कच्चे शेंगदाणे, जे असेल ते संपलेलं असायचं. आणि माणूस मात्र वाळत चालला. अंगाला काही लागेचना. गालफडं बसली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. रात्रंदिवस एकच – "पोटात काही गेल्यासारखंच वाटत नाही गं."

मी माझ्या पद्धतीने वागले. शुगर केली, नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. जंत असतील म्हणून स्टूल मी स्वतः तपासलं... आणि इथे मला पहिल्यांदा विचित्र वाटलं. सांगायला घाण वाटतं, पण सांगते. एवढं खाणाऱ्या माणसाच्या मानाने ते जवळजवळ काहीच नव्हतं. आठवड्याचा उपास केलेल्या माणसाचं असावं तसं. टीबीची तपासणी झाली, तीही स्वच्छ. मग डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. उपाशी पोटी जायचं होतं, पण याला दम धरवेना, रिक्षात बसल्या बसल्या वडापाव आणि डझनभर केळी खाल्ली. मी चिडले, म्हटलं आता परत पाठवणार. सोनोग्राफीचे डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाले, "पोट एकदम रिकामं आहे. छान. लोक ऐकतच नाहीत उपाशी यायला."

अजितने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. माझा नवरा माझ्यासमोर मरत होता आणि माझ्या हातात सगळे नॉर्मल रिपोर्ट होते.

या सगळ्यात त्याचं खाजणावर जाणं थांबलं नव्हतं. उलट वाढलं. पाहणी जवळ आलेली, त्यामुळे मीही अडवू शकत नव्हते. फक्त रविवारी सोबत जायचे आणि मोठ्ठा डबा घेऊन जायचे. बांधाच्या सुरुवातीलाच सुलभाताईंचं घर आहे, त्यांच्या पडवीत यांचे बूट, स्पॉटिंग स्कोप म्हणजे ती पायांवर उभी करायची मोठी दुर्बीण, खोरी वगैरे ठेवलेलं असतं. सुलभाताई आमच्याहून जरा मोठ्या, कोंबड्या पाळतात आणि सतत कुणावर तरी वैतागलेल्या असतात. त्या दिवशी आमच्यावर वैतागल्या होत्या. पाणी अडवल्यापासून डास किती झाले, कोंबड्यांना मुंगसं किती त्रास देतात, असं एकेक चाललं होतं. बोलता बोलता मी बगळ्याचं बोलले.

"आत पुरलात?" त्यांनी विचारलं. "खाजनात मेलेला खाजनात ठेवत नाय कोन. सुकतीला लावायचा. म्हंजे जातो भायेर."

सुकती म्हणजे ओहोटी. मी विचारलं, ठेवलं तर काय होतं?

"मला काय म्हायत? कोनी ठेवलंनच नाय कदी."

एवढं बोलून त्या पुन्हा मुंगसांवर आल्या. मीही ते कानाआड केलं. बर्ड फ्लूच्या दिवसांत मेलेले पक्षी वाहत्या पाण्यात सोडायचे, म्हटलं धन्य आहे.

अजित पडवीत जेवायला बसला. जेवताना तो आता ज्या पद्धतीने खायचा ते मला बघवायचं नाही, म्हणून मी बांधावर स्कोपपाशी गेले. बदकं मोजायची म्हणून सरांनी तो उघाडीच्या दिशेने लावून ठेवला होता. मी डोळा लावला.

उंचवट्यावर बगळा उभा होता. राखी, मोठा. मला वाटलं दुसरा आला असेल, पक्ष्यांना काय, जागा रिकामी झाली की दुसरा येतोच. मग त्याच्या पायाला हिरवा नायलॉनचा तुकडा दिसला.

मी डोळा काढून बघितलं. उंचवटा रिकामा. पुन्हा स्कोपला डोळा लावला. बगळा. अंतर फार नाही, साध्या डोळ्यांनी तिथला शेकाट्यासुद्धा दिसतो. मी काच पुसली. दुसऱ्या डोळ्याने बघितलं. तोच. आणि त्याचं पोट... बगळा हा सडपातळ पक्षी आहे. याचं पोट पखालीसारखं खाली लोंबत होतं, त्यावरची पिसं ताणून विरळ झाली होती आणि मधून कातडी दिसत होती. तो मासे पकडत नव्हता. चोच मिटलेली, पाण्याकडे लक्षही नाही. आणि तरी तो गिळत होता. गळ्यातून एक गोळा खाली सरकायचा, जरा थांबायचा, मग दुसरा.

मी पडवीकडे बघितलं. अजितने घास तोंडात घातला. मी स्कोपमध्ये बघितलं. गोळा खाली सरकला. अजितने पाणी प्यायला तांब्या उचलला. बगळा थांबला. तांब्या खाली ठेवला, भात कालवला, घास घेतला... गोळा सरकला.

हे मी किती वेळ बघितलं सांगता येणार नाही. एका बाजूने मी माझी मलाच म्हणत होते की हा योगायोग आहे, दोन वेगवेगळ्या लयी मेंदू जुळवून घेतो. एवढ्यात पाटणकर सर आले. मी बाजूला झाले आणि म्हटलं, जरा बघा. त्यांनी बघितलं, फोकस फिरवला, म्हणाले, "काही नाही वहिनी. रिकामं आहे." ते गेल्यावर मी पुन्हा बघितलं. बगळ्याने मान माझ्याकडे वळवली होती.

पडवीत येऊन मी अजितला विचारलं, तुला तिथे बगळा दिसतो का. मला वाटलं हसेल. तो ताट पुसत म्हणाला, "दिसतो ना. बरा झालाय आता. चांगला खातो." आणि भात अजून आहे का विचारलं.

तेव्हा मात्र मला भीती नाही वाटली, संताप आला. रोज तापलेल्या तव्यासमोर उभी मी, घाम माझा, आणि जेवतंय कोण? मी अजितला म्हटलं, झोप जरा. तो आता जेवला की लगेच गळून पडायचा. तो पडवीतच आडवा झाला. मी ग्लोव्हज चढवले, दोन मास्क लावले, खोरं घेतलं. सुलभाताई दारात उभ्या होत्या. मी काय करणार हे त्यांना कळलं असावं. सोबत यायचं नाव त्यांनी काढलं नाही, एवढंच म्हणाल्या की सुकती लागलीय, करायचं तर आताच करा.

भर दुपार होती. ऊन, बदकांची कलकल, लांबून कुठून तरी ट्रकचा हॉर्न. गुडघाभर पाण्यातून मी उंचवट्यावर गेले. साध्या डोळ्यांना तिथे काहीच नव्हतं. खणायला लागले. चुन्याचा थर लागला, तो घट्ट झाला होता, अजिबात उकरलेला नव्हता. हे मुद्दाम सांगते. कुत्र्यांनी उकरलं असेल, कुणी त्यात कचरा टाकला असेल, हे सगळं मी नंतर स्वतःला समजावून बघितलं आहे. चुना फुटलेला नव्हता. मी फोडला.

आत बगळा होता, आणि जसा असायला हवा तसाच होता. डोळ्यांच्या जागी खोबणी, डोक्यावर कातडी वाळलेली, पिसं हात लावला की निघून येत होती. फक्त पोट. पोट गच्च भरलेलं, आणि ग्लोव्हजमधून मला ते गरम लागलं. मी दोन्ही हातांनी त्याला उचललं. मान मागे लटकली, चोच उघडली, आणि आतून ते सगळं माझ्या हातांवर, मनगटांवर आणि पायांवर आलं.

भात होता. भाकरीचे तुकडे होते. बांगड्याचे तुकडे, मी कापते तसे, तिरके. हळद घातलेल्या लाल तिखल्याचा रस्सा. कढीपत्ता. आणि काळपट, उकललेली तिरफळं, ढीगभर, इतक्या आठवड्यांची.

यातलं काहीही कुजलेलं नव्हतं. मी रोज घाणीत हात घालणारी बाई आहे, कुजल्याचा वास आला असता तर मी सहन केला असता. वास आला तो माझ्या स्वयंपाकघराचा. नुकतंच गॅसवरून उतरवल्यासारखा, तिरफळाचा, खोबऱ्याचा. आणि मास्कच्या आत माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

त्या सडक्या पक्ष्याच्या घशातून ओघळलेल्या अन्नाने मला भूक लागली. सॅम्पल का नाही घेतलंस, असं इथे कुणी तरी विचारेलच. लॅबवाली असून साधी डबी नाही भरलीस? नाही भरली. कारण अजून थोडा वेळ मी तिथे थांबले असते तर ग्लोव्हज काढले असते, आणि पुढे काय केलं असतं याची मला खात्री नाही.

बांधाच्या पलीकडे फेकून उपयोग नव्हता. बाहेर कांदळवन आणि ढोपरभर चिखल, तिथेच अडकून बसलं असतं. बाहेर न्यायला वाहतं पाणी हवं, आणि ते उघाडीतूनच सुटणार. मी त्याला धरून उघाडीपर्यंत आले, बांधाच्या कडेला ठेवलं आणि वरची एक फळी काढायला लागले. एकच काढायची होती. हातभर पाणी जाईल, तेवढ्यात हे वाहून जाईल, मग फळी परत बसवायची, असा हिशेब. फळी भिजून फुगली होती. खोऱ्याचा दांडा घालून रेटली तेव्हा ती निघाली, आणि मग खालच्या फळ्याही एकापाठोपाठ एक सुटल्या. तीन महिने अडवलेलं पाणी एकदम सुटलं.

तो आवाज फार मोठा होता. सगळी बदकं एकदम उठली. मी बगळ्याला पाण्यात ढकललं, तो एकदा वळला, उघाडीखाली गेला आणि पलीकडच्या पाण्यात दिसेनासा झाला.

अजित धावत आला. म्हणजे धावायचं त्याच्या अंगात नव्हतं, दोनदा पडला. बांधावर उभा राहून तो पाण्याकडे बघत राहिला. फळ्या खाडीत चालल्या होत्या, त्या आता कुणाला मिळणार नव्हत्या. पाहणी दोन दिवसांवर आली होती. त्याने विचारलं, "काय केलंस तू हे?"

मी हात पुढे केले. त्यावर अजून भात होता. त्याने ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बांधावर खाली बसला. रात्री मी ताट वाढलं. अर्धी भाकरी आणि चार घास भात खाऊन त्याने ताट सारलं आणि म्हणाला, "पोट भरलं." तिरफळं ताटाच्या कडेला काढून ठेवली होती. मी ओट्यापाशी तोंड फिरवून उभी राहिले आणि नळ सोडून रडले.

पाहणीला आलेल्या लोकांना चिखल दिसला. चिखलात, पाण्याखाली इतके महिने लपलेली पोती, पिसं, डायपर. त्यांनी रुमाल नाकाला लावून फोटो काढले. पुढचं तुम्हाला कळलंच असेल, आता तिथे कोळंबीची तळी खणायचं काम चालू आहे. सरांनी मला एकदाच फोन केला, फार सभ्यपणे विचारलं, वहिनी, का? मी सांगितलं, फळी काढायला गेले आणि चूक झाली. दुसरं काय सांगणार होते?

अजितचं वजन भरून आलं. डॉक्टर म्हणाले, कसलंसं व्हायरल असेल, असं होतं कधीकधी. मीही पेशंटना हेच सांगते. डोक्यावर ताण होता म्हणून मला भास झाला, हे मी मानायला तयार आहे. पण मग सोनोग्राफी कुणाचा भास होता? चुन्याखालच्या भाताचा मी चार महिने सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला आहे. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, फक्त 'पितर' आणि 'अतृप्त इच्छा' हे सोडून.

आणि एक राहिलं. अजित आता माझ्या हातचं खात नाही. स्वतःचं स्वतः करतो, वरण-भात, अंडं, जे येईल ते. मी स्वयंपाकघरात आले की बाहेर जाऊन बसतो. झोपतो बाहेरच्या खोलीत. मी समजून घेतलं. माणसाची तीन वर्षं मी एका दुपारी खाडीत सोडली होती, राग असणारच. तोंडाने तो एवढंच म्हणायचा की तुझ्या हातांना वास येतो. मी हात घासले. लॅबमधलं सगळं वापरून झालं, सालं निघाली. मला कसलाच वास येत नाही, लॅबमध्ये कुणालाही येत नाही.

गेल्या आठवड्यात मी वैतागून त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, राग असेल तर राग म्हण, वासाचं सोंग नको. एवढी कसली घाण येते माझ्या हातांना?

तो भिंतीपर्यंत मागे सरकला. माझ्या हातांकडे बघत होता, आणि गिळताना त्याचा घसा खालीवर होत होता.

"घाण नाही येत गं," तो म्हणाला. "भूक लागते."